विश्लेषण : रंगांनी दगा दिलेले लक्ष्मणराव, किर्लोस्करवाडीची भट्टी आणि कामगारांच्या डोळ्यांचा प्रश्न

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर, सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते. ज्यांच्यामुळे ते बदलले, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांची ओळख लोखंडी नांगर, पंप आणि इंजिनांचे जनक अशी सगळ्यांना असते. त्यांच्या चरित्रातील डोळ्यांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांना चित्रकार व्हायचे होते आणि डोळ्यांनीच त्यांची ती वाट अडवली. पुढे याच माणसाने अशी ओतशाळा उभी केली, जिथे भट्टीच्या उजेडात डोळे घालून बघणे हाच रोजच्या कामाचा भाग होता. हे बघणे डोळ्यांना किती महागात पडते, त्यापासून बचाव कसा करायचा आणि कायद्याला ते कधी सुचले, हे लक्ष्मणरावांच्या आयुष्याच्या ओघात समजून घेण्यासारखे आहे. सातारा, कराड, पलूस, मिरज या पट्ट्यात आजही हजारो हात फाउंड्री आणि वेल्डिंगच्या कामात आहेत.

चित्रकार व्हायचे होते, मग अडले कुठे?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताच्या वाचनात रमणारे. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत लागेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून बघणे. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे बरी गेली. मग लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. रेषेवर हुकमत होती, पण रंगाच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. असा रंगांधळेपणा बहुतेक वेळा जन्मतःच असतो. नेत्रपटलावर रंग टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांतील एखाद्या प्रकारात दोष असला की ठरावीक रंगांतला फरक दिसत नाही. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. त्याचा भट्टीशी, उन्हाशी किंवा कामाशी संबंध नाही आणि तो चष्म्याने बरा होत नाही. आज रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावणारी इशिहारा चाचणी आपण जाणतो. ती १९१७ ची, म्हणजे लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेनंतर जवळपास तीस वर्षांनी आलेली.

रंग सुटले तरी रेषा हातात होती. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही, माप लागते. एका दाराने बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दाराने नेमक्या आपल्या जागी पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही.

बेळगाव का सोडावे लागले?

मुंबईत नोकरी चालू असतानाच, १८८८ मध्ये, बेळगावात सायकलींचे एक छोटे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तिथले. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती देण्यात आली. १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन स्वतःचा कारखाना काढला.

आधी कडबा कापायचे यंत्र, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. शेतकरी नांगराकडे संशयाने बघत. लोखंडाने जमिनीत विष भिनते असा समज होता. पहिली विक्री व्हायलाच दोन वर्षे गेली. कुठे थोडा जम बसतो तोच शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याचे नगरपालिकेने बजावले. चाळिशीत आलेला माणूस, हातात यंत्रे आणि माणसे, पण ती ठेवायला जागा नाही.

औंधच्या माळावर भट्टी कशी पेटली?

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणरावांकडे त्या वेळी औंधला बांधकामाचे काम होते. त्यांची अडचण कळल्यावर पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, पण संस्थानाचे तुकडे विखुरलेले होते आणि त्यातलाच एक कुंडलचा होता. रेल्वे स्थानकाला लागून असलेली ३२ एकर जमीन ठरली. निवडुंग, साप आणि दगडधोंडे. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तिथे राहायला आले आणि किर्लोस्करवाडीचा संसार सुरू झाला.

वाडीचे नियम त्या काळाच्या मानाने धीट होते. शिवाशिव पाळायची नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना कामावर घ्यायला ना नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी चक्क पहारेकरी नेमले. घरे, पाणी, शाळा, आरोग्य यांची व्यवस्था कारखान्याने बघायची. कामगार म्हणजे यंत्राला जोडलेला हात नव्हे, ही समज इथे कायद्याच्या कितीतरी आधी आली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ चा फॅक्टरी कायदा होता खरा, पण संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारे लोखंड, कोळसा, रंग सगळेच आटले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले. ही हकिकत सांगताना लोक तोफ आणि नांगर या जोडीवर थांबतात. पण मधल्या टप्प्यात एक भट्टी असते आणि भट्टीपुढे उभा असलेला माणूस असतो.

भट्टीकडे बघून नेमके काय कळते?

बीड वितळवण्याची त्या काळातील भट्टी म्हणजे क्युपोला. उभ्या नळकांड्यासारखी. त्यात कोक, कच्चे लोखंड, भंगार आणि चुनखडी यांचे थर रचायचे आणि खालून पंख्याने हवा मारायची. तळाशी वितळलेला रस साचतो. भोक उघडले की तो धारेने लॅडलमध्ये येतो आणि तिथून वाळूच्या साच्यात ओतला जातो. रसाचे तापमान साधारण १४०० अंश सेल्सियसच्या आसपास.

रस थंड पडला तर साचा अर्धाच भरतो. फार तापलेला असेल तर वाळू चिकटते, माल सच्छिद्र होतो. नांगराचा फाळ तर कडक हवा, पण ठिसूळ नको. म्हणजे ओतण्याची वेळ अचूक साधायला हवी. ती साधायची कशी? जुन्या ओतकामगारांकडे एकच साधन होते, ते म्हणजे डोळे. लोखंड तापत जाते तसा त्याचा रंग बदलतो. सहाशे-सातशे अंशांना मंद लाल, आठशेच्या आसपास चेरीसारखा लाल, हजाराच्या सुमारास नारिंगी, पुढे पिवळा आणि तेराशेच्या वर डोळे दिपवणारा पांढरट. मुरलेला मिस्त्री नुसत्या नजरेने रस तयार झाला की नाही ते सांगे. क्युपोलाला हवा आत सोडणाऱ्या नळ्या असतात, त्यांना बघण्यासाठी बारीक झरोके ठेवलेले असतात. दिवसातून कितीतरी वेळा त्या झरोक्याला डोळा लावायचा. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडलेल्या माणसाच्या कारखान्यात सगळा खेळ रंग ओळखण्यावर चालायचा, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

अडचण अशी की दिसतो तो रंग हा त्या उजेडाचा अगदी किरकोळ भाग असतो. इतक्या तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा प्रकाश शंभरातला एक भागही नसतो. बाकी जवळजवळ सगळे अवरक्त किरण, म्हणजे दिसत नाही पण चेहऱ्याला जाणवते ती धग. शिवाय ही धग तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. १००० अंशांवरून १४०० अंशांवर गेले की तेवढ्याच पृष्ठभागातून बाहेर पडणारी ऊर्जा तिप्पट होते. म्हणजे ज्या क्षणी रस तयार असतो आणि मिस्त्री निरखून बघतो, नेमक्या त्याच क्षणी मारा सर्वाधिक असतो.

डोळ्याच्या आत काय घडते?

किरणोत्सर्ग म्हटले की आपल्याला अणुभट्टी किंवा एक्स-रे आठवतो. प्रत्यक्षात भट्टीची धग आणि वेल्डिंगचा झगमगाट हेही प्रारणच. फक्त ते अणूंचे तुकडे पाडणारे नसते.

जवळच्या अवरक्त किरणांना कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागावरचा पारदर्शक पडदा, अडवू शकत नाही. ते आत जातात आणि रंगीत परितारिकेत व तिच्या मागच्या नेत्रमण्यात शोषले जातात. त्वचा भाजली की चटका बसतो आणि माणूस हात मागे घेतो. नेत्रमण्याला वेदना कळत नाही. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे साचलेली उष्णता वाहून नेणारे कुणी नाही. शिवाय त्वचेसारखा तो जुन्या पेशी टाकून देत नाही. जन्मापासूनच्या पेशी थरावर थर तशाच राहतात. वर्षानुवर्षे तापत राहिल्याने त्यातील प्रथिने हळूहळू बिघडतात आणि पारदर्शक मणी गढूळ होतो. हाच मोतीबिंदू. अंड्याचा पांढरा बलक तापला की पुन्हा पारदर्शक होत नाही, साधारण तसेच.

हा आजार एका दिवसात होत नाही. दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त काळ भट्टीपुढे गेल्यावर तो दिसायला लागतो. तोवर माणूस पन्नाशीला आलेला असतो आणि वयाने मोतीबिंदू झाला असे सगळेच धरून चालतात. कामाचे नाव कुठेच निघत नाही.

लक्ष्मणराव वाडी वसवत होते तेव्हा मोतीबिंदू म्हणजे काय हे या भागाला चांगलेच ठाऊक होते. याच रेल्वेमार्गावर, मिरजेला, कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्याचा दूरवर लौकिक होता. पण त्या काळी मणी काढून टाकला की त्याच्या जागी काही बसवता येत नसे. जाड भिंगांचा चष्मा लावून माणूस घरात, शेतात वावरू शके. खदखदत्या रसाची लॅडल तोलून साच्याच्या नेमक्या तोंडात धार सोडणे मात्र अवघडच. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग लंडनमध्ये पहिल्यांदा वापरले गेले ते १९४९ मध्ये. त्याआधी मोतीबिंदू झालेल्या ओतकामगाराची दृष्टी परत आली तरी रोजगार परत येण्याची खात्री नव्हती.

यावर उपाय शोधला कुणी?

काच कारखान्यातील कामगारांना मोतीबिंदू लवकर होतो, हे युरोपात अठराव्या शतकापासून डॉक्टरांच्या नजरेत आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये त्याची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक थॉमस लेग यांनी १९०७ मध्ये बाटल्या बनवणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांवर अहवाल दिला. रॉयल सोसायटीने समिती नेमली आणि काम गेले सर विल्यम क्रूक्स यांच्याकडे. हे तेच क्रूक्स, ज्यांनी थॅलियम हे मूलद्रव्य शोधले आणि ज्यांच्या नावाच्या निर्वात नळ्यांवर प्रयोग करतानाच पुढे एक्स-रे सापडले.

क्रूक्स यांनी काचेत वेगवेगळे धातू मिसळून तीनशेहून जास्त नमुने तयार केले आणि प्रत्येकातून दिसणारा प्रकाश किती जातो, अतिनील किती, धग किती, हे मोजले. नोव्हेंबर १९१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. सार असे की सीरियम घातलेली काच अतिनील किरण अडवते आणि लोहाचे विशिष्ट संयुग असलेली फिकट हिरवट काच धगीचा मोठा भाग अडवते, तरीही तिच्यातून काम दिसते. भट्टीपुढच्या माणसाला आंधळे न करता त्याचा डोळा वाचवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. तेव्हा किर्लोस्करवाडीची भट्टी तीन वर्षांची होती.

आणि तीन वर्षांनी, १९१६ मध्ये, कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता अशी पिढी अजून आहे. कराडचे रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे, ती वाडी या कारखान्याचीच. काचेच्या भट्टीपुढे फुंकणी घेऊन उभे राहणे म्हणजे तर क्रूक्स यांनी तपासलेले नेमके तेच काम. याच मार्गावर सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यातही नांगर तयार होऊ लागले. एकाच रेल्वेमार्गावर तीन भट्ट्या आणि टोकाला मिरजेत मोतीबिंदू काढणारे रुग्णालय, असा या भागाचा नकाशा होता.

निळा चष्मा पुरत नाही, तो का?

फाउंड्रीत भट्टीचा झरोका बघायला गडद निळी, कोबाल्टची काच वापरायची पद्धत जगभर होती आणि कित्येक ठिकाणी अजून आहे. ती लावली की पिवळा झगमगाट एकदम उतरतो, आतला कोक आणि रस वेगवेगळे दिसतात, डोळ्यांना गारवा वाटतो. आणि घोळ तिथेच आहे. साधी कोबाल्ट काच दिसणारा उजेड कमी करते, पण जवळचे अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. झगमगाट असताना माणूस आपोआप डोळे मिटतो, तोंड फिरवतो. निळ्या काचेमागून तो निवांत बघत राहतो. म्हणजे आराम वाढतो आणि माराही वाढू शकतो. उन्हात वापरायच्या स्वस्त काळ्या गॉगलचीही गत तीच.

भट्टीच्या कामाला अवरक्त किरण अडवणारा, तसा शिक्का असलेलाच चष्मा लागतो. सोन्याचा किंवा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेली चेहराभर काच सर्वांत उत्तम, कारण ती धग शोषून तापण्याऐवजी परत फिरवते. पण खरा फायदा बघण्याची गरजच कमी केल्याने होतो. तापमान मोजणारी उपकरणे आता हातात मावतात. लांबून नेम धरला की आकडा दिसतो, किंवा रसात काही सेकंद टोक बुडवले की कळते. तरीही अनेक शेडमध्ये मिस्त्रीची नजर हेच शेवटचे प्रमाण मानले जाते. कसब म्हणून त्याचे कौतुकच आहे, पण त्याची किंमत एकटा मिस्त्री मोजतो.

वेल्डिंगची रात्र

लक्ष्मणरावांचा कारखाना नांगरापुरता राहिला नाही. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप, इंजिने, लोखंडी फर्निचर अशी यादी वाढत गेली. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली, त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले आणि पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ते मराठी घराघरांत गेले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून यांत्रिक अभियंता होऊन १९२६ मध्ये परतला. धंदा ओतकामाकडून जोडकामाकडे सरकत होता, तसा तो सगळीकडेच सरकला. आणि या भागातील कामगारांच्या डोळ्यांपुढे दुसरा शत्रू आला. विजेच्या ठिणगीने होणारे वेल्डिंग.

वेल्डिंगच्या ठिणगीत अतिनील किरण भरपूर असतात. ते आतपर्यंत न जाता कॉर्नियावरच थांबतात आणि तिचा वरचा थर जाळतात. लगेच काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, दिव्याकडे बघवत नाही. वर्कशॉपच्या भाषेत डोळे आले किंवा फ्लॅश लागला. एक-दोन दिवसांत ते बरे होते आणि म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, दुधाचे थेंब टाकायचे. गार चकतीने पापणीवर बरे वाटेलही, पण जखमी कॉर्नियात दूध घालणे म्हणजे जंतूंना आमंत्रण. तीव्र निळा प्रकाश मात्र थेट नेत्रपटलापर्यंत जातो आणि तिथली इजा दोन दिवसांत भरून येत नाही.

वेल्डरच्या हातात निदान काच असते. तिचा क्रमांक महत्त्वाचा. विजेच्या वेल्डिंगला साधारण १० ते १३, गॅस कटिंगला ५ च्या आसपास. ठिणगी पेटताच आपोआप काळे होणारे हेल्मेट आता सहज मिळते, त्यामुळे पहिल्या टाक्याला काच वर करून चोरून बघण्याची सवय मोडते. वाईट अवस्था असते ती मदतनिसाची. तो पत्रा धरून उभा असतो आणि फक्त मान वळवतो. पांढऱ्या भिंतीवरून, चकचकीत पत्र्यावरून परत आलेले किरण त्याला गाठतातच.

कायद्याला डोळा कधी दिसला?

१९४८ हे वर्ष लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील सर्वांत वाईट वर्षांपैकी एक. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ उसळली आणि तिच्या झळा किर्लोस्करवाडीलाही लागल्या. माळरानावर उभा केलेला कारखाना डोळ्यांदेखत पेटला. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. औंध संस्थान मात्र त्याच वर्षी विलीन झाले आणि वाडीला देशाचा कायदा लागू होण्याची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा फॅक्टरी कायदा संमत झाला. त्यातील ३५ वे कलम पूर्णपणे डोळ्यांबद्दल होते. काम करताना उडणाऱ्या कणांमुळे किंवा अति तीव्र प्रकाशामुळे डोळ्यांना धोका असेल तर राज्य सरकार नियम करून पडदे किंवा योग्य गॉगल सक्तीचे करू शकते, असा त्याचा आशय. आणि हे संरक्षण फक्त काम करणाऱ्यालाच नव्हे, तर लगत असलेल्यालाही द्यायचे. म्हणजे पत्रा धरणारा मदतनीसही त्यात आला. तुटले कुठे, तर कलमात तीव्र प्रकाश असे म्हटले होते आणि धग दिसत नाही. पाहणीला आलेल्याने डोळे दिपतात का एवढेच बघितले, तर निळा चष्मा पास होतो.

अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू पुढे कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आला. राज्य कामगार विमा योजनेच्या कायद्यातही तो होता. म्हणजे भट्टीवर राबलेल्या माणसाचा मोतीबिंदू हा कामाचा आजार ठरू शकतो आणि त्याची भरपाई मागता येते. ही माहिती फाउंड्रीच्या फाटकाच्या आत फार क्वचित पोहोचते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले. तोवर त्यांच्या घराण्याचे कारखाने पुणे, बंगळूरु, हरिहरपर्यंत पसरले होते.

आज भट्टीपुढच्या माणसाने काय बघायचे?

धग आणि ठिणगी यांच्या जोडीला आता तिसरा प्रकार आहे. ओतलेल्या मालात किंवा वेल्डिंगच्या जोडात आत पोकळी आहे का, हे तपासण्यासाठी इरिडियमसारखे किरणोत्सारी स्रोत किंवा एक्स-रे वापरतात. रुग्णालयांत अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ रोज एक्स-रे यंत्रालगत उभे असतात. हे किरण नेत्रमण्याच्या पेशींनाच इजा करतात. पूर्वी मानत त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेनेही मोतीबिंदू होतो, असे दिसून आल्यावर आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्यांसाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणण्याची शिफारस केली. इथे भट्टीचा चष्मा उपयोगाचा नाही, शिसे असलेली काच लागते. बाजूने बंद असलेली, कारण किरण रुग्णाच्या अंगावरून उसळून कडेने येतात. आणि छातीवर लावलेला मोजणीचा बिल्ला डोळ्यापर्यंत किती पोहोचले ते नेमके सांगत नाही.

फाउंड्रीतील कामगारासाठी गोष्ट साधी आहे, फक्त वेळेवर करायला हवी. कामाला लागताना एकदा आणि नंतर ठरावीक काळाने नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर तपासणी. तिथे आपण भट्टीवर किती वर्षे आहोत हे स्वतःहून सांगायचे, कारण विचारले जाईलच असे नाही. धगीच्या मोतीबिंदूची सुरुवात बहुधा मण्याच्या मागच्या बाजूला होते. कधीकधी मण्यावरचे पातळ आवरण पापुद्र्यासारखे सुटलेले दिसते आणि ही तर धगीची जवळपास सहीच. पण ते शस्त्रक्रियेच्या आधीच दिसते. मणी काढून भिंग बसवले की दृष्टी परत येते आणि पुरावा जातो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी मोतीबिंदूचा प्रकार, त्याची जागा आणि भट्टीवरची वर्षे केसपेपरवर लिहून घ्यावीत आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.